बांधलेले हात

ही २०२२ सालातली गोष्ट. वैशाख होता, गाव अंबाजोगाई.

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं लोक म्हणतात. ही भर दुपारी घडली. आणि ती खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती धनश्री माझ्या सख्ख्या बहिणीची नात, स्वतः डॉक्टर. खोटं बोलायचं तिला काही कारण नाही. दवाखान्याचं नाव मात्र मी घेणार नाही.

आमच्या लहानपणी कावीळ झाली की माळ घालायचे. मुळ्यांच्या तुकड्यांची, दोऱ्यात सैल गाठी मारलेली. माळ जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरते, असा सगळ्यांचा विश्वास. माझ्याही गळ्यात घातली होती. मी वाचले, पण माझ्याबरोबर माळ घातलेले कितीतरी गेले. पोट वाजवून बघणारा डॉक्टर तेव्हा कुठला?

म्हणून धनश्री यकृताच्या आजारांचं प्रशिक्षण घ्यायला निघाली तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं.

खेड्यापाड्यांतले सरकारी डॉक्टर शिकायला आले होते. शिकवायला राधाकिशन सर. आणि शिकण्यासाठी खाटेवर केजकडचा एक मेंढपाळ, सुग्रीव. डोळे हळदीसारखे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, गळ्यात काविळीची माळ.

सकाळभर एकेक डॉक्टर त्याच्या पोटावर बोट ठेवून वाजवून बघत होता.

ढब... ढब... ढब...

सुग्रीव हसून म्हणाला होता, "आता का म्हून बडवताव? लगीन हाय का कुनाचं?"

मग सरांनी हाताची खूण शिकवली. एस.टी.ला थांबवायला हात करतो तसे दोन्ही हात पुढं धरायला लावायचे. यकृत हरलं की विष मेंदूत चढतं, आणि ते हात पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. अशा रोग्याला झोपेचं इंजेक्शन चुकूनही द्यायचं नाही. तो झोपतो तो उठत नाही.

सुग्रीवचे हात तेव्हा स्थिर होते.

दुपारी सर जेवायला गेले आणि सुग्रीव बिघडला.

मेंढरं निघाली, सोडा मला, म्हणून ओरडू लागला. बायकोला ओळखेना. त्याचा भाऊ बंकट म्हणाला, कपिलधारच्या डोंगरात मेंढरं चारताना याला बाहेरचं लागलंय. त्यानं डोक्याचा पटका सोडला, फाडून दोन केला आणि भावाची दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्यांना करकचून बांधली.

त्या वेळी तिथं दोनच डॉक्टर होते. धनश्री, आणि तिच्यापेक्षा मोठा हरिओम.

हरिओमला ही दारू तुटल्याची तडफड वाटली. त्यात झोपेचं इंजेक्शन देतात. सुग्रीवची बायको कडूबाई हात जोडून म्हणाली, "सायेब, यांनी दारूला कंदी शिवलं न्हाई वो."

"मावशी, सगळ्या बायका हेच सांगतात," हरिओम म्हणाला आणि इंजेक्शन आणायला गेला. कडूबाई पाणी आणायला गेली. बंकट बाहेर बिडी ओढत बसला.

खोलीत राहिली धनश्री. आणि सुग्रीव.

वीज गेली. पंखा थांबला.

सुग्रीव एकदम गप्प झाला.

इतका, की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येईना...

आणि मग शेजारून आवाज आला.

ढब...

ढब...

शेजारची खाट रिकामी होती. गादीसुद्धा नव्हती तिच्यावर.

धनश्रीनं मान वळवली.

खाटेवर कुणीतरी बसलं होतं. खिडकीकडं पाठ करून, उन्हाच्या आड. तोंड दिसत नव्हतं. पोट दिसत होतं... आणि गळ्यातली माळ.

त्यानं पोटावरचा हात काढला. सावकाश दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

एस.टी.ला करतात तसे.

आणि ते हात फडफडायला लागले.

गोडसर, कुबट वास आला. नासलेल्या फळांसारखा.

धनश्रीनं मागं बघितलं. सुग्रीव आपल्या खाटेवरच होता. मनगटं बांधलेली. पिवळे डोळे उघडे... तिच्यावर खिळलेले.

ती पळाली.

व्हरांडा ओलांडून नळापाशी गेली. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं कुठं डोकं चालायला लागलं, आणि तिच्या लक्षात आलं. बांधल्यापासून सुग्रीवचे हात कुणी बघितलेच नव्हते.

ती धावत परत आली.

हरिओम सुग्रीवच्या दंडावर कापूस दाबत होता. पाणी घेऊन आलेली कडूबाई उशाशी उभी होती. "झोपला बघ. कुठं गेली होतीस?"

सर आले. त्यांनी पटका सोडला, सुग्रीवचा हात उचलून बघितला. हात तसाच खाली पडला.

"हात कुणी बघितले होते?" सरांनी विचारलं.



सुग्रीव दुसऱ्या दिवशी गेला. शुद्धीवर आलाच नाही. शेजारच्या खाटेवर त्या दिवशी कुणी रोगीच नव्हता, असं सगळे सांगतात.

राधाकिशन सर पुढं निवृत्त होऊन लातूरला गेले. हरिओमनं नोकरी सोडली, आता तो फक्त कातडीचे आजार बघतो. बंकटनं मेंढरं विकली आणि ऊसतोडीला जायला लागला. डोक्याला पटका त्यानं पुन्हा बांधला नाही.

धनश्री आता स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवते. शिकवताना शेजारची खाट मात्र खोलीबाहेर काढून ठेवायला लावते. का, ते सांगत नाही. मला तेवढं सांगितलं.

कडूबाई केजकडं आपल्या गावातच आहे, दुसऱ्याच्या शेळ्या राखते. गेल्या वर्षी धनश्री तिला भेटायला गेली. कडूबाईनं चहा केला, बऱ्याच गोष्टी बोलली. मग म्हणाली,

"सुई टोचली तवा मी उशाशी व्हते. डोळं मिटायच्या आधी मला म्हनले, त्या बाईला हात दावले, ती पळून गेली."

धनश्रीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. रागावून नाही. नुसती बघत राहिली.

"हात तर बांधलेले व्हते न्हवं, बाई? मग दावले कसे?"