पुसण्याआधी

"हा एवढा पसारा तुमचाच ना?"

तिने वळून पाहिलं. सर्व्हर सांभाळणारा तो उंच मुलगा — ऑफिसात सगळे त्याला सफाईमंत्री म्हणत — तिच्या खुर्चीमागे उभा होता. सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधून झालं, की मागे कामचलाऊ फाइलींचा ढीग उरतो. तो ज्याचा त्याने पुसायचा. आणि या बाईसाहेबांनी नोकरीला लागल्यापासून एकदाही पुसला नव्हता.

"आईही हेच म्हणते," ती ओशाळून हसली. "बसेल तिथे पसारा."

"आईंना माझा नमस्कार सांगा." तोही हसला... हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. "सर्व्हरवर जागाच उरली नाही. संध्याकाळी सगळं पुसतोय. चालेल?"

"खुशाल पुसा!" ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष खळीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एकदम आठवलं. पॅकेज नीट चालेना म्हणून आठवडाभर केलेल्या दुरुस्त्या तिने मूळ कोडमध्ये नाही, त्या उरलेल्या फाइलींतच केल्या होत्या! दुपारी साहेबांना दाखवायचं काय? याच कामावर तिची नोकरी पक्की व्हायची होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला... खुशाल पुसा म्हणे!

भरल्या डोळ्यांनी ती त्याच्या टेबलाशी गेली. "तुम्ही... सगळं पुसलंत?"

"सगळं." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "पण आधी मूळ कोडशी ताडून पाहिलं. तुम्ही बदललेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून ठेवल्यात. या घ्या."

एकूण एक दुरुस्ती तिथे होती. तिच्या जिवात जीव आला. आपलं काम कुणीतरी ओळ न् ओळ इतक्या मायेने वाचलं, या विचाराने तिला भरून आलं.

दुपारी साहेब खूश झाले, नोकरी पक्की झाली. आणि आईला फोन करायचा सोडून ती धावत आली ती त्याच्याकडेच!

"तुमचे उपकार कसे फेडू? सगळ्यांच्याच ढिगातून असं वेचत बसता... केवढं काम!"

तो उगाचच कीबोर्डवरची धूळ झटकू लागला. कान लाल झाले होते.

"सगळ्यांच्या नाही," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मी सरळ पुसून टाकतो."

ती शेजारची खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"पुसायला शिकेन मी," ती हळूच म्हणाली. "पण आईला नमस्कार... तो तुम्हीच घरी येऊन करा."