बातमीचं स्थलांतर

लग्नाच्या मांडवात रेला नाच सुरू झाला तेव्हा झुरी पुंगाटी पहिल्या ओळीत होती, आणि ऊन चांगलं तापलं तरी ती ओळीतून बाहेर पडली नव्हती. एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून पंधरा-वीस मुली पुढे झुकत होत्या, मागे सरत होत्या. ढोल वाजवणारे दोनदा बदलले, पण झुरी काही थांबली नाही. तिची आई मोहाच्या झाडाखाली बसून एकटक तिच्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांची झाली तरी ही पोरगी आजवर एकही नाच पुरा नाचली नव्हती. दोन फेऱ्या झाल्या की तिचे सांधे ठणकायचे, छातीत कळ यायची आणि तिला उचलून घरी न्यावं लागायचं.

सगुणा मडावी हे सगळं कॅमेऱ्यात टिपत होती. सिरोंचा तालुक्यातून ‘देशदीप’ या राष्ट्रीय वाहिनीला बातम्या पाठवणारी ती एकटीच वार्ताहर.

“झुरी, अगं दम तर खा जरा!” ती ओरडली.

“दमच लागत नाही, ताई! काय करू?” झुरी नाचता नाचताच म्हणाली आणि अख्खा मांडव हसला. आई मात्र पदराने डोळे पुसत राहिली.

झुरीला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि माणूस कळांनी तळमळतो. आईबापांकडून मुलांना मिळणारा हा आजार. त्या भागात तो घरोघरी ठाऊक होता. बाळ आईच्या पोटात असताना त्याचं रक्त वेगळ्या प्रकारचं असतं, त्यातल्या पेशी वाकड्या होत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनवणारं जनुक झोपी जातं. ते झोपलेलं जनुक पुन्हा जागं करणारी सुई शास्त्रज्ञांनी तयार केली होती. एकदाच घ्यायची. सिरोंच्यातले लोक तिला ‘जागसुई’ म्हणू लागले होते. तिच्या शेवटच्या चाचण्या सिरोंच्याच्या डॉक्टर कमलाकर बंडावारांच्या दवाखान्यात झाल्या, आणि त्यातच झुरीने ती घेतली होती. सरकारची मंजुरी मिळाली आणि देशभरातल्या जिल्हा रुग्णालयांत जागसुई फुकट मिळू लागली.

फक्त हे सिरोंच्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

सगुणाने दुपारीच बातमी लिहिली. झुरीचं ते वाक्य मथळ्याला घेतलं, नाचाची दृश्यं जोडली आणि पाठवून दिली. थोड्याच वेळात फोनवर आकडा उमटला. नऊ.

हा आकडा म्हणजे वार्तांक. देशदीपकडे रोज इतक्या बातम्या येत की माणसांनी त्या वाचणं केव्हाच बंद झालं होतं. ‘चाळण’ नावाची यंत्रणा त्या वाचायची आणि देशाला कुठली बातमी किती महत्त्वाची वाटेल, ते ठरवून शंभरपैकी गुण द्यायची. साठच्या वर गेलेली बातमी राष्ट्रीय बातमीपत्रात यायची. उरलेल्या ‘प्रादेशिक’ या कप्प्यात जायच्या, आणि त्या कप्प्यात कुणीही डोकावत नसे. इतर वाहिन्यांनीही हीच चाळण भाड्याने घेतली होती.

त्या संध्याकाळी राष्ट्रीय बातमीपत्रात दुसऱ्या क्रमांकावर बातमी होती ती दिल्लीतल्या एका इमारतीत अडकलेल्या लिफ्टची. आत तीन माणसं आणि एक कुत्रा. कुत्र्याच्या मालकिणीची मुलाखतही झाली. सगळे सुखरूप होते. वार्तांक चौऱ्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी सगुणा दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर बंडावार औषधांच्या शीतपेटीसमोर उभे होते.

“सगुणाबाई, कंपनीचा फोन होता,” ते म्हणाले. “म्हणतात, देशात मागणीच नाही. जिल्हा रुग्णालयांत सुया पडून आहेत, घ्यायला कुणी येत नाही. पुढच्या महिन्यात उत्पादन बंद करणार.”

“पण पेशंट तर लाखांनी आहेत, सर!”

“आहेत ना. पण ते आहेत कुठं? धडगावात, झाबुआत, वायनाडात. त्यांना सांगणार कोण?”

सगुणा बाहेर आली, पायरीवर बसली आणि तिने देशदीपच्या तांत्रिक विभागाला फोन लावला. वार्ताहरांसाठी तो नंबर होता, पण दृश्य अपलोड होत नसेल तर विचारण्यासाठी. फोन बऱ्याच ठिकाणी फिरला. शेवटी पलीकडे मराठी ऐकू आलं.

“मी ऋजुता पेंढारकर. चाळण मी बनवली आहे. बोला.”

“मॅडम, मी सिरोंच्याहून सगुणा मडावी. माझ्या बातमीला नऊ गुण का पडले, एवढंच विचारायचं होतं.”

ऋजुताने बातमी उघडली, नाच शेवटपर्यंत पाहिला. “छानच आहे हो ही. पण एक सांगते, गाव बघून गुण कमी होत नाहीत. तशी तक्रार पूर्वी आली होती, म्हणून गुण देण्याआधी आम्ही जागेचं नाव झाकतो. ती कुठली बातमी आहे, हे चाळणीला कळूच शकत नाही.”

“कळत नाही म्हणता? मग एक करून बघता का? बातमी तीच ठेवा. फक्त झुरीचं नाव बदला.”

ऋजुताला गंमत वाटली. तिने आपला पडदा सगुणाला फोनवर दिसेल असा जोडला आणि झुरी पुंगाटीची रिया मल्होत्रा केली.

नवाचे अडतीस झाले.

“अरेच्चा,” ऋजुता म्हणाली.

“आता प्राणहिता नदी काढा आणि यमुना टाका.”

एकसष्ट.

“रेल्याच्या जागी लग्नातला डीजे. आणि आई मोहाच्या झाडाखाली नको, हॉलच्या बाल्कनीत बसवा.”

ब्याण्णव. पडद्यावर लाल पट्टी आपोआप झळकली: ‘ठळक बातमी : दमच लागत नाही, म्हणाली रिया!’

दोघी खळखळून हसल्या. ऋजुताच्या शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मग ऋजुताचं हसू हळूहळू ओसरलं. आजार तोच होता, सुई तीच, आईच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा तेच.

“मॅडम, आता ही अशीच दाखवून टाका,” सगुणा म्हणाली. “रिया मल्होत्रा बरी झाली म्हणून तरी देश खूश होईल.”

“चाळणीला आम्ही गेल्या चाळीस वर्षांची बातमीपत्रं वाचायला दिली होती,” ती म्हणाली. “त्यावरूनच ती शिकली, देशाला काय महत्त्वाचं वाटतं ते. त्या बातम्यांत जे होतं तेच तिने उचललं. आम्ही पत्ता झाकला, आणि तिने झाडावरून, नदीवरून, आडनावावरून पत्ता ओळखला. आणि मी तुम्हाला छातीठोकपणे सांगत होते!”

“आता काय करायचं?”

“मला थोडे दिवस द्या. आणि सगुणाताई, मला मॅडम नका म्हणू.”

पुढचे काही दिवस ऋजुता घरी फक्त झोपायला जात होती. आधी तिला वाटलं, दूरच्या जिल्ह्यांना सरसकट जास्तीचे गुण देऊन टाकावेत. पण तसं केलं की कुठलीही किरकोळ बातमी वर येत होती. मग तिला सगुणाबरोबरचा तो खेळच आठवला. यंत्राने हाच खेळ प्रत्येक बातमीशी खेळला तर? आलेली प्रत्येक बातमी चाळण आता देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात घडल्यासारखी लिहून बघू लागली. नावं, नद्या, झाडं, जेवणं बदलत बदलत. ती जिथे घडली असती तर सगळ्यात मोठी ठरली असती, तिथले गुण तिचे खरे गुण मानायचे. दाखवायची मात्र मूळचीच बातमी, मूळच्याच नावानिशी. ऋजुताने या पद्धतीला नाव दिलं ‘स्थलांतर-कसोटी’.

संपादक हरिमोहन बिष्ट यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“काम उत्तम आहे. पण प्रेक्षक पळतील. माणसाला आपल्या ओळखीच्या जागांत रस असतो.”

“सर, ओळख होणार कशी? आपण दाखवतच नाही.” ऋजुताने विचारलं, “तुमचं गाव कुठलं?”

“चंपावतच्या वर, डोंगरात. का?”

“आपल्या वाहिनीवर ते शेवटचं कधी दिसलं?”

बिष्टांनी आठवायचा प्रयत्न केला. “दरड कोसळली होती तेव्हा.”

“आणि त्यानंतर तिथे चांगलं काहीच झालं नाही?”

“झालं की!” बिष्ट एकदम खुर्चीत पुढे सरकले. “गावातल्या बायकांनी आटलेले झरे पुन्हा वाहते केले. सतरा झरे! माझी चुलत बहीण आहे त्यात. मी स्वतः...” ते थबकले. ही गोष्ट आपण संपादक असूनही कधी कुणाला सांगितली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “एक संध्याकाळ,” ते म्हणाले. “एकच. प्रेक्षक गेले तर उद्या जुनी चाळण परत.”

त्या संध्याकाळी सिरोंच्यात डॉक्टर बंडावारांनी दवाखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता. झुरीचं सगळं गाव ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींवरून आलं होतं. निवेदिका पडद्यावर आली, आणि तिच्या मागे मांडव, ढोल आणि पहिल्या ओळीत झुरी. “दमच लागत नाही, ताई! काय करू?” देशभर ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत ते वाक्य अनुवादयंत्रणेने झुरीच्याच आवाजात पोचवलं. भिंतीसमोर बसलेल्यांनी असा काही गलका केला की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. झुरीने तोंड ओढणीत लपवलं होतं आणि बोटांच्या फटीतून ती स्वतःलाच बघत होती.

त्यानंतर जागसुई कुठे मिळते ते सांगितलं गेलं. मग मिझोराममधल्या एका डोंगराळ गावाने बांबूपासून बनवलेली हलकी सायकल आली, लक्षद्वीपच्या एका बेटावर पुन्हा जिवंत झालेली प्रवाळं आली आणि चंपावतचे झरे आले. दिल्लीचीही बातमी होती. तिथल्या एका वस्तीने आपला नाला स्वच्छ करून त्याच्या काठाने बाग केली होती. जुन्या चाळणीने तिलाही कमी गुण दिले असते, कारण दिल्लीतही सगळ्या वस्त्या तिला सारख्या वाटत नव्हत्या.

काही प्रेक्षकांनी वाहिनी बदलली. पण ज्यांनी बदलली नाही त्यांनी आपल्या माणसांना फोन करून ‘लाव, लाव, आपलं दाखवतायत’ असं सांगितलं. बातमीपत्र संपलं तेव्हा प्रेक्षक सुरुवातीपेक्षा जास्त होते. बिष्टांनी जुनी चाळण परत मागितली नाही.

बंडावारांच्या दवाखान्यातला फोन खाली ठेवला की वाजत होता. कालाहांडी, वायनाड, झाबुआ, धडगाव. ‘आमच्या मुलीला मिळेल का?’ ‘खरंच एकदाच घ्यायची का?’ डॉक्टर प्रत्येकाला त्याच्या जिल्हा रुग्णालयाचा पत्ता देत होते. घसा बसला तेव्हा सगुणा फोनवर बसली, आणि ती जेवायला उठली तेव्हा झुरी. कंपनीने उत्पादन बंद केलं नाही, उलट वाढवलं.

सुई जवळच मिळत असूनही काही लोक थेट सिरोंच्याला येऊ लागले. त्यांना झुरीला डोळ्यांनी बघायचं होतं. झुरी आधी लाजली, मग सराईत झाली. येईल त्याला म्हणायची, “नुसतं बघायचं नाही, नाचायचं!” आणि अंगणात ओळ धरायला लावायची.

अशीच एके दिवशी सबिता माझी नावाची बाई ओडिशातल्या कालाहांडीहून आली. तिच्या लेकीने महिन्याभरापूर्वीच जागसुई घेतली होती. कानातल्या अनुवादयंत्राने सबिताची ओडिया सगुणाला मराठीत ऐकू येत होती. लेक झुरीबरोबर नाचत होती आणि सबिता टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात एका माणसाला खाटेवरून आत आणलं गेलं. शेतात त्याला साप चावला होता. माणूस शुद्धीवर होता, घाबरलेला होता. डॉक्टरांनी त्याला निजवलं, नाडी धरली आणि लक्षणांची वाट बघत शेजारी बसले.

“वाट कशाची बघताय?” सबिताने विचारलं.

“विष अंगात गेलंय की नाही, ते कळायला वेळ लागतो,” सगुणा म्हणाली. “उगाच औषध दिलं तर त्याचाही त्रास होतो. आणि उशीर झाला तर... गेल्या वर्षी दोघं गेली आमच्याकडं.”

“पट्टी नाही तुमच्याकडे?”

“कसली पट्टी?”

सबिता गोंधळली. “रक्ताचा थेंब टाकायची. विष असेल तर निळी होते. आमच्याकडे प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असते. आमच्या कॉलेजातल्या मुलींनीच बनवलीय. पाच वर्षं झाली.” तिने एकदा डॉक्टरांकडे, एकदा सगुणाकडे पाहिलं. “तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?”

सुदैवाने त्या माणसाच्या अंगात विष गेलेलं नव्हतं. तासाभराने तो उठून बसला, त्याने चहा मागितला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सबिताने तोवर आपल्या गावी फोन लावून पट्ट्यांची पेटी पाठवायला सांगितलं होतं.

सगुणाने अंगणात येऊन ऋजुताला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, “ही बातमी तुमच्याकडं आली होती का गं कधी?”

पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला.

“आली होती,” ऋजुता म्हणाली. “एकदा नाही, सहा वेळा पाठवली होती तिथल्या वार्ताहर मुलीने बिचारीने. ताई, मी पहिल्यांदाच तो प्रादेशिक कप्पा उघडलाय. पडदा खाली सरकवतेय, सरकवतेय, संपतच नाही. इथे काय काय आहे, काय सांगू तुला! कुणी काय शोधलंय, कुणी काय उगवलंय...” तिचा आवाज थरथरत होता, आणि त्यात भीती जास्त होती की आनंद, ते सगुणाला ओळखता येईना. “सांग ना, कुठल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू?”