काळ्या किल्ल्याची लढाई संथ का झाली?

शपथ घेऊन सांगते पोरांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निघाला ना, तर माझी कवळी पेल्यातून उडी मारून सिंदीच्या बाजारात सगळ्यांना चावत सुटो! आता चुळबुळ बंद. ऐका.

"काळा किल्ला एकदम रद्दी गेम हाये बे!" अश्विन ओरडला. "राक्षस समोर येते, मी बटन दाबतो, आन आपला हिरो तलवार उचलेपर्यंत राक्षस चहा पिऊन वापस येते!"

"चहा नाई, जेवण करून येते!" श्रावण म्हणाला. "वरून पान बी खाते."

"तुमचे हातच म्हशीवाणी हायेत, तर गेम काय करीन?" हेमराजनं नाक उडवलं. "लढाई अशी फास्ट हाये का पापणी हालली का खेळ खतम! मी तर आज सकाळीच किल्ल्याचा तिसरा दरवाजा तोडला."

ही भांडणं चालली होती सिंदी रेल्वेच्या बाजारात, कडुनिंबाखाली. साल दोन हजार सहा, महिना मे. ऊन असं, की कावळासुद्धा फांदीवर बसायच्या आधी फुंकर मारायचा! समोरच भूपेंद्रभाऊचं गेम पार्लर. भूपेंद्रचे वडील भैयाजी, कापसाचे मोठे व्यापारी. त्यांच्या एका रिकाम्या गाळ्यात भूपेंद्रनं चार टीव्ही आणि चार प्लेस्टेशन मांडली होती. सगळी सुट्टी पोरं तिथंच पडलेली.

मागच्या आठवड्यात भूपेंद्रभाऊनं नागपूरहून एक सीडी आणली आणि चारही प्लेस्टेशनसाठी तिच्या प्रती काढल्या. नवीन गेमचा नमुना. पूर्ण गेम दिवाळीला येणार होता. नाव जपानी अक्षरांत, कोणाच्या बापाला वाचता येईना! मग पोरांनीच बारसं केलं, 'काळा किल्ला'.

"खेळून पाहा आन सांगा," भूपेंद्रभाऊ म्हणाला होता. "लढाईत दम असन तर दिवाळीले घेतो. नसन तर नाई."

झालं! सगळ्या सिंदीत पोरांना दुसरा विषय राहिला नाही.

"मले तर पाळीपाळीची लढाई पाहिजे," श्रावण म्हणाला. "त्यानं मारलं, मंग आपण मारलं. विचार कराले टाइम भेटते."

"तो का कॅरम हाये? राक्षस तुह्या पाळीची वाट पाहीन?"

"तू चूप बस हेमराज! तुह्या काकाचं पार्लर हाये म्हणून रोज सकाळी फुकट खेळतं. आमचा नंबर लागते भर दुपारी."

अश्विनची बहीण मयुरी शेजारीच बसली होती. तेरा वर्षांची, काडीसारखी, पण नजर घारीची. ती एकदम म्हणाली, "थांब बे अश्विन. सोमवारी तर तूच म्हणलता ना, लढाई लय फास्ट हाये, डोळे पुरत नाई म्हणून?"

अश्विननं डोकं खाजवलं. "म्हणलतो. तवा होती फास्ट. आता नाई वाटत."

"सीडी तीच?"

"तीच."

"मंग लढाई हळू कशी झाली?"

अश्विन उठला, दोन पावलं चालला, कडुनिंबाच्या बुंध्याला धरून वाकला आणि भडाभडा ओकला.

घरी आईनं, सुलोचनानं, त्याच्या कपाळाला हात लावला. ती अंगणवाडी सेविका. पोरांची दुखणी तिला नवीन नव्हती. "ऊन लागलं पोट्ट्याले," ती म्हणाली. पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला.

आई आत गेल्यावर अश्विन मयुरीच्या कानात म्हणाला, "चार दिस झाले, डोकं दुखून राह्यलं. पण आईले सांगजो नको! ती पार्लर बंद करीन. उद्या टूर्नामेंट हाये, ताई!"

"बाकीच्या पोट्ट्यायचं बी दुखते?"

"सगळ्यायचंच दुखते. पण सांगीन कोण?"

मयुरीला काही ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टूर्नामेंट सुरू झाली. लूची झळ आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढलेलं, वाकून जाता येईल एवढीच फट. आत वीसेक पोरं कोंबलेली. मागच्या खिडकीत कूलर. कूलरच्या पाण्यात भूपेंद्रभाऊनं वाळ्याचं अत्तर टाकलेलं, त्यामुळे सगळं पार्लर लग्नघरासारखं घमघमत होतं. ठरल्या वेळी लाइट गेली, लोडशेडिंग! मागून जनरेटर धडधडला आणि टीव्ही पुन्हा लागले.

मयुरी खेळली नाही, नुसती पाहत बसली. काळ्या किल्ल्याची एक गंमत होती. बटण दाबायचं थांबलं, की गेम आपणच आपल्याशी लढून दाखवायचा. एका टीव्हीवर तसंच चाललं होतं. हिरोची तलवार सपासप फिरत होती! सोमवारी तिनं पाहिली होती तशीच, तसूभर कमी नाही.

मग तिनं अश्विनकडे पाहिलं. राक्षस समोर आला. अश्विनचा अंगठा बटणावर होता. पण तो हलायला वेळ लागला. शेजारच्या पोराचाही तसाच. त्याच्या शेजारच्याचाही.

गेम संथ नव्हता. पोरं संथ झाली होती.

तिच्या स्वतःच्या कपाळातही आता घण पडत होते. "अश्विन, बाहेर चाल!"

"हट! माहा नंबर जाईन!"

"अश्विन!"

"तू जा ना वो! कटकट!"

तिनं श्रावणला मनगटाला धरून ओढलं. दोघं शटरखालून बाहेर पडली. बाहेर भट्टी पेटलेली, तरी थोड्या वेळानं दोघांचं डोकं हलकं झालं.

"ऊन लागलं असतं तर उन्हात बरं काऊन वाटीन?" मयुरी म्हणाली. "सोमवारी काय निराळं होतं रे? सोमवारी सगळेच म्हणत होते लढाई फास्ट हाये."

"सोमवारी तर मंत्री आलते ना!" श्रावण म्हणाला. "त्यायच्यासाठी दिवसभर लाइटच गेली नाई."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आन हेमराज सकाळी खेळते. सकाळी लाइट राह्यते."

"जनरेटर!" दोघं एकदम म्हणाली आणि पळत गाळ्याच्या मागं गेली.

मागं एक अरुंद बोळ. पूर्वी जनरेटर पुढच्या ओट्यावर असायचा. आता तो बोळात आणून ठेवला होता, थेट कूलरच्या खाली. बोळावर पत्रे टाकलेले. तोंडाशी पुरुषभर उंच बोऱ्यांची थप्पी, एकेक बोरा सरकी काढलेल्या रुईनं गच्च भरलेला. आवाज दाबायला! सिंदीत दुसरं कशानं दाबणार?

श्रावणनं एक बोरा ओढून काढला. भपकन धूर बाहेर आला. दोघांनी नाकाला फडकं लावून आत पाहिलं. निळसर धूर वर चढत होता आणि कूलरच्या गवतात शिरत होता. जितका जनरेटर ओकत होता, तितका कूलर गिळत होता. आणि वाळ्याचं अत्तर लावून पोरांच्या तोंडावर सोडत होता.

"ते पाह्य," श्रावण हळूच म्हणाला.

भिंतीच्या कडेला बाजारातली चंद्री कुत्री आडवी पडली होती. तिची पिल्लं पोटाशी. झोपल्यासारखी. श्रावणनं काडीनं ढोसलं. एकही हललं नाही. श्रावणला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचायचा. तेव्हा काही सुचला नाही.

त्यानं वाकून जनरेटरचा कॉक बंद केला. धडधड थांबली.

लगेच शटर खडखडलं. भूपेंद्रभाऊ लालबुंद होऊन धावत आला. "कोण हाये बे थो? टूर्नामेंटची वाट लावता का?" आणि त्यानं श्रावणच्या खाडकन कानाखाली दिली!

"भाऊ, धूर कूलरमधून आत जाऊन राह्यला! पोट्टे मरतीन!" मयुरी ओरडली. "चंद्री पाहा! मेली ती!"

"कुत्रे उन्हानं मरतेच. थोडा वास येते, म्हणून तर अत्तर टाकलं ना मी? निघा इथून!" त्याचाही पाय अडखळत होता, पण त्याला ते कळत नव्हतं. त्यानं बोरा जागेवर लोटला, जनरेटर सुरू केला, आत गेला आणि शटर पार खाली ओढून आतून कडी घातली. ही दोघं परत येऊ नयेत म्हणून!

दोघं जिना चढून गाळ्याच्या वरच राहणाऱ्या भैयाजींकडे धावली. भैयाजी गादीवर आडवे.

"भैयाजी, उठा! बोळातले बोरे काढा!"

भैयाजींनी एक डोळा उघडला. "मीच लावले ते. जनरेटरच्या धडधडीनं माही झोप होत नव्हती. आता कशी मस्त लागून राह्यली! आन तुम्ही मले उठवता?"

"खाली पोट्टे बेशुद्ध होतीन, भैयाजी!"

"गेम खेळून डोस्के फिरले तुमचे. चाला, पळा!" आणि ते कुशीवर वळले.

खाली येताना मयुरी पायरीवर थांबली. "श्रावण, ऐक."

"काय? काहीच तर नाई येत ऐकू."

"तेच तर."

मघापर्यंत वीस पोरांचा कल्ला रस्त्यापर्यंत येत होता. मार, पकड, अबे मेला! आता आत नुसतं गेमचं संगीत वाजत होतं.

श्रावण बोळात पळाला. पुन्हा कॉक बंद केला. धडधड थांबली, संगीतही थांबलं. दोघं वाट पाहत उभी राहिली. आता भूपेंद्रभाऊ येईल. शिव्या देईल. अजून एक लगावेल.

या वेळी कोणीच आलं नाही.

"अश्विन!" मयुरीनं शटरवर मुठी आपटल्या. "अश्विन, कडी काढ!" शटर तापून लाल झालेलं, हात भाजले. आत काही पडल्याचा आवाज आला, मग तोही नाही. बाजारात सामसूम. दुकानदार पडद्याआड घोरत होते. एकानं डोकं बाहेर काढलं, "काय गोंधळ हाये वो पोट्टे?" म्हणाला आणि आत घेतलं.

पोरांच्या डोकेदुखीसाठी कोण उठणार? मयुरीनं चहूकडे पाहिलं. बाजाराच्या टोकाला भैयाजींच्या कापसाची हंगामातली शेवटची गंजी उभी होती, घराएवढी, पांढरीशुभ्र. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"आग! गंजीले आग लागली! आग!"

श्रावणला क्षणात कळलं. तोही घसा फाडून ओरडला, "गंजी पेटली! धावा! गंजी पेटली!"

आणि पोरांनो, काय सांगू! मेलेला बाजार उठून बसला! पडदे फाटले, बादल्या खणखणल्या, कोणी लुंगी धरून, कोणी अर्ध्या दाढीनं. कापसाच्या गावात या एका शब्दाला दगडसुद्धा धावतो. भैयाजी जिन्यावरून असे आले, की पायऱ्यांना पायच लागले नाहीत! हमाल हातात लोखंडी आकडे घेऊनच पळत आले.

"कुठी? कुठी हाये आग?"

"गंजी ठीक हाये!" मयुरी शटरला पाठ लावून उभी राहिली. "पोट्टे आत हायेत! शटर तोडा! पह्यले शटर तोडा!"

"खोटं बोलली?" भैयाजींचा हात वर गेला.

पण रूपराव हमालानं तोवर शटरला कान लावला होता. त्यानं आपला आकडा शटरखाली घातला. दुसरे तिघं लागले. कडी कडाडून तुटली, शटर वर गेलं.

आत वाळ्याचा घमघमाट होता. पोरं एकमेकांवर कलंडली होती, हातात रिमोट तसेच. भूपेंद्रभाऊ खुर्चीतून घसरलेला. हेमराज दाराशी पडला होता, कडीपासून हातभर अंतरावर. बोटं कडीकडे ताणलेली.

भैयाजींचा वर गेलेला हात तसाच राहिला.

हमालांनी एकेकाला उचलून कडुनिंबाखाली आणलं. कोणी ओकलं, कोणी रडलं, कोणी आईला हाक मारली. हेमराजनं डोळे उघडले. भूपेंद्रनं उघडले. अश्विनला सगळ्यात शेवटी काढलं. त्याची मान हमालाच्या दंडावर लोंबत होती. मयुरीनं पाणी मारलं, गाल थोपटले, नाव घेतलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

कापसाच्या मेटॅडोरमध्ये घालून त्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगणवाडीतून धावत आलेली सुलोचना मागं बसली, पोराचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ताभर ती एकच विचारत होती, "मले सांगतलं काऊन नाई? डोकं दुखते म्हणून मले काऊन नाई सांगतलं?" मयुरी शेजारी त्याचे पाय धरून बसली होती.

डॉक्टरांनी नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. "कोंडलेल्या धुराचं विष आहे हे," ते म्हणाले. "रक्तात भिनतं. अजून थोडा उशीर झाला असता, तर एकटा हाच नाही, सगळी गेली असती."

दुसऱ्या दिवशी अश्विननं डोळे उघडले. आईला ओळखलं. मयुरीलाही, पण तिचं नाव आठवायला त्याला बराच वेळ लागला. पावसाळा संपेपर्यंत त्याची बोटं थरथरत राहिली. सदऱ्याची गुंडी आई लावून द्यायची. लढाई फास्ट होती की संथ, हे त्याला कोणी पुन्हा विचारलं नाही.

पोरं घरी परतल्यावर भैयाजी कडुनिंबाखाली आले. सगळा बाजार जमलेला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "माह्या झोपेपायी गावची लेकरं गेली असती. या दोघायनं वाचवली. मयुरी, श्रावण, तुमच्यासारखे पोट्टे घरोघर होवोत!" टाळ्या अशा पडल्या, की कडुनिंबाच्या निंबोळ्या गळल्या!

आता इथं एक कबूल करते. हे शेवटचं मी रचलं.

भैयाजी आलेच नाहीत. त्यांनी गुपचूप बोरे काढले, पत्रे काढले, आणि पुढं मयुरी समोरून दिसली की ते रस्ता बदलायचे. भूपेंद्रनं श्रावणला मारलेल्या थपडेबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट दोन व्यापारी घरी येऊन सुलोचनाला सांगून गेले, "पोट्टीले समजवा. आगीची अशी खोटी बोंब मारत नसते." टोपी, टाळ्या, निंबोळ्या, सगळं माझ्या मनाचं. कोणीतरी ते करायला पाहिजे होतं, आणि कोणीच केलं नाही.

म्हणून मी करते. शाबास, मयुरी. शाबास रे, श्रावण.