बटाट्याला भूक नाही!

"बटाट्याला भूक नाही?" भिंगरीनं डोळे विस्फारले. "दादा, काहीतरी भयंकर घडलंय!"

मामाच्या नव्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, सूप रटरटत होतं. बाहेर वारा घोंगावत होता, म्हणून खिडक्या घट्ट बंद. झोपेतही काहीतरी चघळणारा मामाचा मुलगा बटाट्या शेगडीजवळच्या बाकावर कपाळ धरून बसला होता.

"गाडी लागली असेल," मामी म्हणाली.

"उभी गाडी कशी लागेल?" भिंगरी म्हणाली.

भिंगरीला बसवेना. कालही स्वयंपाक सुरू झाला, की बटाट्या मलूल! खाली उतरला, की टवटवीत! तिनं पातेलं उचलून पाहिलं. बूड काळंकुट्ट! आणि ज्योत निळी नाही, पिवळी!

"दादा, शेगडीला हवा पुरत नाहीये!"

शेगडीमागच्या झरोक्यातून कापडाचं टोक डोकावत होतं. तिनं ओढलं. मोजा! त्यामागे आणखी एक!

"मामा, हे तुझे?"

"वाऱ्यानं शेगडी विझत होती ना! कशी शक्कल लढवली?" मामानं हातातला सुपाचा डाव मिरवला.

"आणि विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा? तो का गप्प?"

"त्याचे सेल टॉर्चमध्ये घातलेत."

"मामा! अशा ज्योतीतून विषारी वायू निघतो. ना वास, ना रंग! सगळे बाहेर चला!"

"अगं शहाणे, सूप करपेल!"

बटाट्याची मान टेबलावर कलंडली. भिंगरीनं दादाकडे पाहिलं. दादानं खाली उडी मारली आणि बोंब ठोकली, "मामा! तुझ्या गाडीवर केवढा ओरखडा!"

मामा डावासकट बाहेर! मामी त्याच्यामागे! भिंगरीनं गॅस बंद केला, दादा परत धावत आला आणि दोघांनी बटाट्याला ओढत वाऱ्यात आणलं.

"कुठाय ओरखडा?" मामा गरजला.

"नाहीच आहे! पण याच्याकडे बघ!"

पोराचा पांढराफटक चेहरा पाहून मामाच्या हातातला डाव गळून पडला.

दवाखान्यात बटाट्याला प्राणवायू लावला. "आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवटच सोडलं. मग भिंगरीची आणि दादाची पाठ थोपटून त्या मामाकडे वळल्या. "या दोघांना विचारल्याशिवाय शेगडी पेटवू नका."

"अहो, हे घ्या," मामीनं झरोक्यातले मोजे मामापुढे केले. "पायात घाला!"

मामानं मान खाली घालून ते घेतले. "भिंगरे, चुकलो बरं," तो हळूच म्हणाला.

भिंगरी खाटेभोवती फेऱ्याच मारत होती. तेवढ्यात मास्कच्या आतून आवाज आला, "सूपचं काय झालं?"

मग कुठे भिंगरी खाली बसली.