भागूला ते पाणी नको

"आज हडसरला जायचंच," फैजान दारातूनच म्हणाला. त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. मागे तेजस्विनी सायकलला टेकून उभी होती.

"आज शुक्रवार," मोझेल म्हणाली. "आत्याबरोबर डबे पोचवायचेत."

"मग आधी डबे. किल्ला काय पळून चाललाय?" तेजस्विनीने सायकल भिंतीला लावली.

मोझेल झिराडकर ठाण्याची. मे महिन्याच्या सुट्टीत ती सिम्हाआत्याकडे जुन्नरला आली होती. फैजान आत्याच्या शेजारचा, आणि तेजस्विनी पिंपरी पेंढारची. जुन्नरच्या शाळेत ती फैजानच्या वर्गात होती. सिम्हाआत्या नर्स होती, आता निवृत्त झाली होती. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेली मराठी ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की तिचा शब्बाथ लागायचा. मग शनिवारी दिवस मावळेपर्यंत ती चूल पेटवत नसे, फोन उचलत नसे, गाडीत बसत नसे. म्हणून शुक्रवारी सकाळीच ती मोठं पातेलंभर मुगाची खिचडी करायची आणि सरकारी दवाखान्यात घेऊन जायची. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, अशांसाठी.

"आमच्यात याला त्सेदाका म्हणतात," चालता चालता मोझेल म्हणाली.

"आमच्यात सदका," फैजान म्हणाला. "म्हणजे दानच ना?"

पुढे चालणाऱ्या आत्याने मान वळवली. "दान नाही रे. त्या शब्दाचा मूळ अर्थ न्याय. ज्याचं त्याला पोचवणं. म्हणून डबा देताना उपकार केल्यासारखं तोंड करायचं नाही. समजलं?"

"करत नाही," फैजान म्हणाला आणि त्याने चेहरा जरा सरळ केला.

पुरुषांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर एक माणूस होता. वय फार नव्हतं. घामाने त्याची उशी भिजली होती आणि तोंडातून लाळ गळत होती. खाटेवरच्या पाटीवर नावाच्या जागी नुसतं 'अनोळखी' लिहिलेलं.

"काल फाटकात टाकून गेले," वॉर्डातली मावशी म्हणाली. "पिकअप व्हती. निळी क्रेटं व्हती मागं, त्यावर पिवळा पट्टा. हाक मारली तर सुसाट गेली. डॉक्टर म्हनत्यात, औषध अंगात गेलंय, फवारनीचं. लई उशिरा आनला."

आत्या खाटेशी बसली. तिने ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले आणि त्याचा हात हातात घेतला. तळवा हिरवट काळा होता, चीक लागल्यासारखा.

"हा टोमॅटो तोडनारा," तेजस्विनी हळूच म्हणाली. "आमच्या घरी सगळ्यांचे हात असेच व्हतात. साबणानं जात नाय."

त्या माणसाचे ओठ हलले. मोझेल खाली वाकली.

"भागूला... ते पानी नको," तो म्हणाला. "भागूला ते पानी देऊ नका."

"कोण भागू? कुठे असते?" मोझेलने विचारलं.

तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्याचा आवाज गेला. डॉक्टर धावत आले, नर्स आली, मुलांना बाहेर काढलं. काही वेळाने आत्या एकटीच बाहेर आली. तिने खिचडीचा डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि बाकावर बसली.

"गेला?" फैजानने विचारलं.

आत्याने मान हलवली.

मुलांनी याआधी माणूस मरताना कधी पाहिला नव्हता. किल्ल्याचं नाव मग कुणी काढलं नाही.

चौकीत आत्याने सगळं सांगितलं. हवालदाराने ऐकून घेतलं. "ताई, तापात माणूस काय पण बडबडतो. सोमवारी साहेब आले की बघू. कुनी आलं नाय तर बेवारस म्हनून पुढचं करावं लागंल."

"आणि भागू?" मोझेल म्हणाली. "ती ते पाणी पीत असेल तर?"

"कोनतं पानी, बाळ? सगळीकडं पानीच हाय." त्याने चहा मागवला.

बाहेर आल्यावर तेजस्विनी चिडली. "त्या माणसाला कळत व्हतं. मरताना कुनी उगीच बोलतं का?"

"निळी क्रेटं, पिवळा पट्टा," फैजान म्हणाला. "प्रत्येक व्यापाऱ्याची खूण वेगळी असते. अब्बांना माहीत असणार. पण ते माल घेऊन वाशीला गेलेत, उद्या सकाळी येतील. फोन लागत नाहीये."

दुपारभर ती तिघं बाजारात हिंडली. निळी क्रेटं खूप होती, पिवळा पट्टा कुणाचाच नव्हता. संध्याकाळी आत्याने तेलाचा दिवा लावला आणि डोळे झाकून प्रार्थना केली. मोझेल शेजारी उभी होती, पण तिच्या कानात ते एकच वाक्य घुमत होतं.

सकाळी फैजान धापा टाकत आला, मागून तेजस्विनीही. "कळलं. गेणभाऊची क्रेटं. पिंपरी पेंढारच्या पुढं त्यानं रानं वाट्यानं घेतलीत. आज अब्बा तिथंच गाडी भरायला चाललेत."

मोझेलने आत्याकडे पाहिलं. शनिवार होता. आत्या गाडीत बसणार नव्हती, आणि मोझेललाही बसायचं नव्हतं. पण आत्याने तोवर चपला घातल्या होत्या आणि जुनी औषधांची पेटी उचलली होती.

"आत्या, शब्बाथ आहे."

"माहीत आहे. जीव धोक्यात असला की शब्बाथ बाजूला ठेवायचा. ठेवलाच पाहिजे, हाही त्याचाच नियम." ती कुलूप लावत म्हणाली. "आणि माझं चुकलंच. कालच गावोगाव फिरायला हवं होतं."

फैजानचे वडील चांदभाई कमी बोलायचे. सगळी हकीकत ऐकल्यावर ते फक्त "बसा" म्हणाले. आत्या पुढे बसली, मुलं मागे रिकाम्या हौद्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांबू आणि तारांवर चढवलेले टोमॅटो मागे पळत होते.

गेणभाऊ बांधावर उभा होता. गळ्यात सोन्याची साखळी, कानाला फोन. आत्याला पाहून त्याने फोन खाली घेतला.

"भागू नावाची मुलगी आहे का इथे?" आत्याने विचारलं.

"न्हाई ताई. आमच्याकडं सगळी गावातली मानसं. सांजच्याला घरी जात्यात."

"तुमच्या पिकअपने परवा एक आजारी माणूस दवाखान्यात नेला होता."

"आमची पिकअप? गॅरेजला हाय ती." तो हसला. "चांद, क्रेटं चढव. उगीच पावण्यांना उन्हात कशाला आनलं?"

आत्या हलली नाही. ती एकामागून एक प्रश्न विचारत राहिली: फवारणी कोण करतं, तोंडाला फडकं देता का, औषध ठेवता कुठं. गेणभाऊ उत्तरं देण्यात गुंतला. तेजस्विनीने दोघांना खूण केली. तिघं वाकून टोमॅटोच्या सरीत शिरली.

आत कोंदट होतं. पानांचा उग्र वास नाकात जात होता. दूरवर माणसं तोडणी करत होती, पण झाडांच्या भिंतींमुळे कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"आता कुणाला विचारायचं?" फैजान कुजबुजला. "गेणभाऊची माणसं असली तर?"

"विचारायचं कशाला?" तेजस्विनी म्हणाली. "आई आपल्या लेकराच्या नावाला वळतेच." ती ताठ उभी राहिली आणि शेतात जेवायला हाक मारतात तशी तिने लांब हाक दिली, "भागूऽऽ, ए भागूऽऽ"

तीन-चार सऱ्या पलीकडे एक बाई दचकून उभी राहिली. हातातले टोमॅटो खाली पडले.

"काय झालं भागूला?" ती तारांखालून वाकत धावत आली. "कोन तुमी?"

तिचं नाव चिमाबाई. आंबेगावच्या डोंगरातल्या एका वाडीची. नवरा जानकू आणि मुलगी, तिघं इथंच शेडमध्ये राहत होती.

"भागू निजलीय," ती म्हणाली. "कालपास्नं वकतीय. गेणभाऊ म्हनलं, ऊन लागलं. तिच्या बाला पन तसंच झालं व्हतं. त्याला पुन्याला मोठ्या दवाखान्यात नेलंय. बरा हाय म्हनत्यात. तुमी पाह्यलं का त्याला?"

मोझेलने तेजस्विनीकडे पाहिलं. फैजान पायांकडे बघत राहिला.

"आधी भागू कुठे आहे ते दाखवा," मोझेल म्हणाली. "माझी आत्या नर्स आहे. चला लवकर."

शेडमध्ये पोत्यांवर सात-आठ वर्षांची मुलगी पडली होती. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ येत होती. मोझेलने तिच्या डोळ्यांत पाहिलं. एवढ्या अंधारातसुद्धा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

"फैजान, आत्याला बोलव. पळ."

दाराशी एक निळा ड्रम होता, त्यावर पाण्याचा तांब्या. ड्रमवरचा कागद खरवडून काढला होता, पण विषारी औषधांवर असते तशा लाल चौकटीचा एक कोपरा राहिला होता. मोझेलने वास घेतला. दवाखान्यात त्या माणसाच्या कपड्यांना हाच वास होता.

"ह्यातलंच पाणी पिता तुम्ही?"

"धुऊन दिलाय भाऊनं," चिमाबाई म्हणाली. "मी अन् बाकीच्या बाया विहिरीवर पितो, तोडताना जवळ पडतं. ही दोघं शेडात असायची..." ती थांबली.

मोझेलने ड्रम कलंडवायला हात घातला, पण तेजस्विनीने तिला अडवलं. "सगळं सांडू नको. नाहीतर म्हनतील, ड्रम चांगलाच व्हता." तिने आपल्या सायकलवरची रिकामी बाटली पिशवीतून काढली. हाताला पिशवी गुंडाळून तिने बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि ती पिशवीत घालून पाठीमागे लपवली.

तेवढ्यात गेणभाऊ आला. मागून आत्या, चांदभाई आणि फैजान.

"कुनाच्या परवानगीनं आत शिरलात?" त्याने शेडकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं, आणि लाथ मारून ड्रम पाडला. पाणी मातीत पसरलं. "जुना ड्रम हाय. कचरा."

तेजस्विनीने पाठीमागची पिशवी घट्ट धरली.

आत्या भागूजवळ बसली. नाडी पाहिली आणि लगेच उठली. "चिमाबाई, हिला आत्ता न्यायला हवं. अंगावरचे कपडे काढ, पाण्याने पूस, विहिरीच्या."

"ह्यांना इचारते," चिमाबाई म्हणाली. "पुन्याहून येऊ दे त्यांना."

आत्याने तिच्या दोन्ही हातांना धरलं.

"मी तुला खोटं सांगणार नाही, बाई. वाटेत सगळं सांगते. आधी पोर उचल."

चिमाबाईने आत्याचा चेहरा पाहिला. मग फैजानचा, मोझेलचा. तिला कळलं असावं. ती ओरडली नाही. तिने भागूला पोत्यासकट उचललं.

गेणभाऊ टेम्पोसमोर उभा राहिला. "चांद, माल भरल्याशिवाय गाडी हलली, तर माझ्या कुठल्याच रानात पुन्हा यायचं न्हाई. बाजारात पन सांगीन सगळ्यांना."

चांदभाईंनी गाडी चालू केली. "सांगा," ते म्हणाले. गाडी पुढे येऊ लागली तसा गेणभाऊ बाजूला झाला.

हौद्यात आत्या भागूला कुशीवर धरून बसली होती. जुन्नरच्या अलीकडे तिने चिमाबाईला सांगितलं. गाडीच्या आवाजात मुलांना शब्द ऐकू आले नाहीत. फक्त चिमाबाई भागूच्या केसांवर तोंड टेकवून बसलेली दिसली, दवाखाना येईपर्यंत.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. दुपारी भागूच्या बाहुल्या मोठ्या होऊ लागल्या. "अजून थोडा वेळ गेला असता तर दोन्ही गेली असती, बाप आणि लेक," डॉक्टर म्हणाले. "मुलांनो, तुम्ही त्या माणसाचं ऐकलंत. इथं त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मीही नाही."

तेजस्विनीने बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. या वेळी चौकीतून साहेब स्वतः आले. त्यांनी गेणभाऊला बोलावून घेतलं. तो म्हणत होता, ड्रम रिकामाच होता. बाटली पाहिल्यावर तो दाराकडे बघू लागला. पिकअप गॅरेजला नव्हतीच. ती त्याच्याच गोठ्यामागे सापडली. काल चहा मागवणारा हवालदार मोझेलसमोर येऊन उभा राहिला. "चुकलं माझं, बाळ," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

खाटेवरची पाटी आता रिकामी होती, पण कागदपत्रांवर 'अनोळखी' खोडून 'जानकू' लिहिलं गेलं.

रविवारी चांदभाईंच्याच टेम्पोने त्याला वाडीवर नेलं. भागू दवाखान्यात होती. तिच्याजवळ तेजस्विनीची आई बसली. वाडी डोंगराच्या कुशीत होती, वर उघडा कातळ. जानकूचे वडील, सोमाजी, अंगणात उभे होते. सरण पेटलं तेव्हा त्यांनी पोराचं नाव एकदाच घेतलं, मोठ्याने.

नंतर ते मुलांपुढे येऊन हात जोडू लागले. आत्याने ते हात धरून खाली केले.

"हात जोडू नका, बाबा. गेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. म्हणून त्याच्यासाठी केलेलं काम आमच्याकडे सगळ्यात खरं मानतात. त्यात तुमच्यावर ओझं नाही."

"ओझं न्हाई," सोमाजी म्हणाले. "पन माझं पोरगं बेवारस गेलं न्हाई. लहान हायत ही पोरं, पन मोठ्यांनी करायचं काम त्यांनी केलं. मी जगंन तवर सांगंन."

फैजानला काहीतरी बोलावंसं वाटलं. आत्याने मानेनेच नको म्हटलं.

"दुःखाच्या घरी आपण आधी बोलायचं नाही," ती कुजबुजली. "नुसतं बसायचं. त्यांना वाटलं तर ते बोलतील."

चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. मोझेल तिच्या एका बाजूला बसली, तेजस्विनी दुसऱ्या. फैजान उंबऱ्यावर. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. मोझेलचे पाय आखडले, पण ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने चिमाबाईने डोळे पुसले.

"त्याला पवायला लई आवडायचं," ती म्हणाली. "डोहात उडी मारायचा अन् वर येताना हसायचा. लग्नात मला म्हनला, तुला पन शिकवतो..."

मुलं ऐकत राहिली. ती सांगत गेली.