उजव्या दारावरचे जांभळे ओघळ

गाडी गाळ्यात शिरायच्या आधी तिचा वास आत आला.

जेरुशा रोहेकरच्या नाकाला घाण नवी नव्हती. रसायनशास्त्र शिकून काही वर्षं रंगाच्या कारखान्यात काढल्यावर तिने करंजाड्याला हा गाळा घेतला होता. साध्या धुण्याने न निघणारी घाण गाड्यांच्या रंगावरून काढायची, हा तिचा धंदा. डांबर, झाडाचा चीक, सिमेंटचे शिंतोडे, बंपरवर चिरडून वाळलेले किडे हे रोजचंच. पण ही पांढरी गाडी आत आली तसा तिनेही हात नाकावर नेला.

गाडी बळीराम घरतांची होती. मूळचे मिठागरवाले, विचुंब्यात मानाने राहणारे. आठवड्यापूर्वी ते घरातून गाडी घेऊन निघाले ते परतलेच नाहीत. आदल्या दिवशी पनवेलच्या एसटी स्टँडमागे, उघड्या मैदानातल्या भिंतीला लावलेली गाडी पोलिसांना सापडली. त्यांनी ती पाहून घरच्यांच्या ताब्यात दिली. मुलगा हरेश याच्याशी म्हाताऱ्यांचं खाडीकाठच्या जमिनीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. रागाच्या भरात एसटी धरून कुठेतरी निघून गेले, असं गावात बोललं जात होतं. हरेशनेच काही बरंवाईट केलं असेल, असंही काहीजण दबक्या आवाजात म्हणत होते.

गाडी घेऊन आली होती त्यांची मुलगी अंकिता आणि जावई प्रांजल. अंकिताचे डोळे सुजले होते.

"बाबा परत आले आणि गाडी अशी दिसली तर त्यांना वाईट वाटेल," ती म्हणाली. "कावळ्यांनी पार वाट लावलीय, ताई."

"बगळ्यांची घाण पाण्याने निघत नाही," प्रांजल म्हणाला. "मी म्हणतोय, गाडी नव्याने रंगवूनच घेऊ. ताईंना उगाच त्रास."

माणूस मोठा अदबीचा. गेट आणि ग्रील बनवायचा त्याचा कारखाना. जेरुशाच्या गाळ्याची ग्रीलही त्यानेच बसवली होती. तेव्हा त्याने सांगितलं होतं, की खाडीकाठचं जुनं शेड बंद केलं, वरच्या झाडांवरून पडणाऱ्या घाणीत कामगार टिकत नाहीत. जाताना त्याने बायकोला पाण्याची बाटली उघडून दिली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा असावा तर असा, असं जेरुशाच्या मनात येऊन गेलं.

तिने गाडी धुतली. कुणीतरी आधीच वरवर पाणी मारलं होतं, तरी टपावर वाळून दगड झालेले पांढरट थर होते आणि त्यांनी रंग खाल्ला होता. मग हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिने बोटं पत्र्यावरून फिरवली. पिशवीतून बारीकसा कणही बोटाला कळतो. डावी दारं काचेसारखी गुळगुळीत होती. उजवी पॉलिश पेपरसारखी खरखरीत.

वायपरखालची जाळी काढली आणि ती दोन पावलं मागे सरली. आत कुजलेला राडा साचला होता. माशांचे खवले, केसासारखे काटे आणि अर्धवट पचून ओकलेली एक निवटी, खाडीच्या चिखलातली ती बोटभर मासळी, डोळ्यांसकट. तिला उमासा आला. बाहेर जाऊन ती तोंडावर पाणी मारून आली, नाकाला ओढणी बांधली.

मग तिने उजव्या दारांवर लोखंडाचे कण विरघळवणारं औषध फवारलं. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. आधीच्या वासात तो मिसळला तेव्हा तिला श्वास घ्यावासा वाटेना. पण नजर मात्र दारावरून हटली नाही. पांढऱ्या पत्र्यावर जांभळे ठिपके उठले, फुटले आणि रक्तासारखे ओघळले. लोखंड असलं की हे औषध जांभळं होतं. तिने टपावर फवारलं. तिथे काहीच झालं नाही.

उरलेले कण ज्या क्लेच्या वडीने घासून काढतात ती वडी तिने हातात घेतली होती. ती तिने खाली ठेवली. आणखी काहीही पुसायचं नव्हतं. तिने पोलीस स्टेशनला फोन लावला.

उपनिरीक्षक काशिराम माळी आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला. हरेशला त्यांनी सकाळपासून चौकशीला बसवलं होतं.

"लोखंड म्हणजे रेल्वे," ते म्हणाले. "हरेशची बिल्डिंग रुळांना लागून आहे. गाडी त्याच्याकडेच होती तर."

"रुळांची धूळ वरून बसते. टपावर, बॉनेटवर. टपावर लोखंडाचा कणही नाही."

"मग हे काय?"

"ठिणग्या. ग्राइंडरच्या. तापलेल्या असतात म्हणून काचेतसुद्धा रुतल्यात. गाडीच्या उजव्या अंगाला कुणीतरी लोखंड कापत होतं."

"आणि ही घाण?"

"कावळ्याची नाही. मासे खाऊन झाडावर वस्तीला येणाऱ्या पक्ष्यांची. गाडी बरेच दिवस त्यांच्याखाली उभी होती. स्टँडमागच्या भिंतीपाशी झाड आहे?"

काशिरामांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. "नाही."

मग जेरुशाने त्यांना हळू आवाजात एक जागा सांगितली. त्यांनी लगेच तिकडे माणसं पाठवली आणि हरेशला गाळ्यात आणवलं. तासाभरात अंकिता आणि प्रांजल गाडी न्यायला आले. जांभळे ओघळ पाहून अंकिता घाबरली. जेरुशाने तिला खुर्चीवर बसवलं.

"प्रांजल," ती म्हणाली, "अंकिता कावळे म्हणाली. तुम्ही बगळे म्हणालात. कसं ओळखलंत?"

"अंदाजाने. बगळे काय, कावळे काय."

"गाडी तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलीत?"

"स्टँडवरच. सगळ्यांबरोबर."

"तिथे ना झाड आहे, ना बगळे. तुमच्या खाडीकाठच्या शेडवर दोन्ही आहेत. त्याच घाणीला कंटाळून तुमचे कामगार गेले."

प्रांजल हसला. ते शेड कधीचं बंद आहे, तिथे कुणी फिरकतही नाही, असं त्याने सांगितलं.

"मग तिथे ग्राइंडर कोणी चालवला?" जेरुशाने विचारलं. "बाबांना तुम्ही काहीतरी सांगून तिकडे बोलावलंत. ते स्वतःच्या गाडीने आले. भांडण ताजं होतं, संशय हरेशवर जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तिथल्या खोलीत कोंडलंत आणि पळू नयेत म्हणून खिडकीला गज कापून बसवलेत. गाडी जवळच उभी होती, ठिणग्या तिच्या उजव्या अंगावर उडाल्या. मग ती झाडाखालीच राहिली. पोलीस शोधायला लागले तेव्हा पाणी मारून स्टँडमागे आणून सोडलीत. पण काही घाण पाण्याने जात नाही. म्हणून तर तुम्हाला ती रंगवून हवी होती."

"कशासाठी करेन मी हे?"

उत्तर हरेशने दिलं. खाडीकाठची जमीन अंकिताच्या नावावर करा, म्हणून प्रांजल कित्येक महिने बाबांच्या मागे लागला होता. हरेशने विरोध केला, भांडण पेटलं ते त्यावरूनच. बहिणीचा संसार बिघडायला नको म्हणून त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

काशिरामांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सापडले. अशक्त झालेत, पण शुद्धीवर आहेत. हॉस्पिटलला नेतायत."

हरेशने कुठलं हॉस्पिटल ते विचारलं. अंकिता मात्र उठून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"कामगारासाठी म्हणून रोज दुसरा डबा नेत होतास," ती म्हणाली. "तो कुणाचा होता?"

प्रांजल दाराकडे वळला. रोज संध्याकाळी हाच माणूस अंकिताचे डोळे पुसत होता, सापडतील गं बाबा, असं म्हणत होता. माशांच्या त्या राड्यानेही जेरुशाला आली नव्हती इतकी किळस आता आली. काशिरामांनी त्याचा दंड धरला तेव्हा ती बाजूला सरली, त्याचा शर्टही अंगाला लागू नये म्हणून.

हॉस्पिटलात ती अंकिताबरोबर गेली. बळीराम खाटेवर पडले होते. अंगाला अजून शेडचा वास होता. मुलीला पाहताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा," अंकिताने हाक मारली.

हरेशने वाकून त्यांना सगळं सांगितलं. अंकिताला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे दोनदा सांगितलं. तेव्हा म्हाताऱ्यांनी मान वळवली.

"डबा तुजा व्हता," ते म्हणाले. "पयल्या घासालाच वलखला मी. मना वाटलं, तूच धाडतेस. तुलाच जमीन पायजे हाय."

"मला ठाऊकच नव्हतं, बाबा," अंकिता म्हणाली.

"त्याला सई देनार नव्हतो, मेलो तरी. पन पोरीलाच पायजे, तर कशाला आडून बसू? उद्या करून टाकनार व्हतो."

अंकिताने त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्यांचा हात उचलला गेला, पण तिच्या केसांवर टेकायला त्याला बराच वेळ लागला.