क्रेगलच्या फरशीवरचे दगड

क्रेगल ही काही मोठी टेकडी नव्हे. खाली वनखात्याचं सूचिपर्णी स्प्रूसचं रान, वर हेदरची गुडघाभर जांभळी झुडपं आणि माथ्यावर दगडांचा ढीग. गेटापासून माथा माझ्या पायांनी पन्नास मिनिटं. एकोणीस वर्षं त्या गेटाची किल्ली माझ्याकडे आहे. इथे फोन लागत नाही, म्हणून आमचा रिवाज साधा. वर जाणाऱ्याने गेटाबाहेरच्या फरशीवर आपल्या नावाचा दगड ठेवायचा, उतरला की उचलायचा. फरशी रिकामी दिसली की मी कुलूप लावते. दगड उरला, तर माणसं शोधायला निघतात.

मंगळवारी माझा धाकटा भाऊ गॅव्हिन तोडणीच्या झाडांवर नारिंगी रंगाच्या खुणा करायला वर गेला. साडेचारला मी आले तेव्हा त्याचा दगड फरशीवर नव्हता. माझी कुत्री टिब मात्र गेटाच्या आतल्या रिकाम्या वाटेकडे बघून भुंकत होती. काही केल्या गाडीत चढेना.

"गप गं! कोणी नाहीये तिथे," म्हणून मी तिला धपाटा घातला, कुलूप लावलं आणि घरी येऊन बटाटे उकडायला ठेवले. गॅव्हिन जेवायला आला नाही. त्या रात्रीही नाही, पुढच्या दोन रात्रीही नाही.

"दगड उचललाय म्हणजे उतरलाय," शेजारचा आर्ची म्हणाला. "पडला असेल खाली पिट्लॉक्री गावात कुणाच्या तरी उबेला. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस, उना."

"दम्याचा पंप घरी टाकून?"

यावर आर्चीने टोपी नीट केली.

शुक्रवारी दुपारी तीनला मी स्वतःच निघाले. गेट आत ढकलून नेहमीसारखं नेच्यांच्या गचपणात टेकवलं आणि फरशीवर माझा दगड ठेवला. आर्चीच्या हातात टिब आणि किल्ली दिली.

"पाचला ये. माझा दगड दिसला तर माणसं गोळा कर."

"आणि नाही दिसला तर?"

"तर मी घरी बटाटे सोलत असेन. कुलूप लाव आणि जा."

"तुझे ते बटाटे! वर जाऊन भावाला खायला घाल, म्हणजे पळून खाली येईल," आर्ची म्हणाला. हसलो दोघंही, पण बेतानेच.

रानात वारा नव्हता. गॅव्हिनच्या खुणा सरळ, छातीच्या उंचीवर. त्याचा हात मला ओळखू येतो. दुसऱ्या वळणावर वरून आवाज आला. फवाऱ्याच्या रंगाचा डबा हलवला की आतली गोळी खुळखुळते, तो.

"गॅव्हिन!"

आवाज थांबला. मी वळण ओलांडलं की तो पुढच्या वळणावर. असं चार वेळा झालं. मी प्रतिध्वनीचा विचार केला, सुतार पक्ष्याचा केला. तोडणीची हद्द संपली तरी खुणा संपेनात. झाडं संपली. मग हेदरच्या काटकुळ्या देठांवर नारिंगी ठिपके दिसू लागले. एकेका देठावर एक. एवढं रंगवायला माणसाला महिना लागला असता.

माथ्यावर बारीक पाऊस होता. ढिगातले सगळे दगड ओले होते, सगळ्यात वरचा एक कोरडा होता. त्यावर गॅव्हिनच्या नावाचं अक्षर कोरलेलं होतं. मी तो उचलला. खिशातून आत्ताच काढल्यासारखा ऊबदार होता.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, भीतीही वाटली.

खुळखुळ आता खालून येत होती.

मी जवळजवळ धावतच उतरले. पाचला दहा कमी असताना गेट दिसलं. आर्ची वाकून फरशी बघत होता.

फरशी रिकामी होती.

"आर्ची!"

त्याने गेट ओढून घेतलं. टिब माझ्याकडे बघून जिवाच्या आकांताने भुंकत होती. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते.

"आर्ची, अरे, मी इथे आहे!"

त्याने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पलीकडे.

"गप गं!" तो टिबला म्हणाला. "कोणी नाहीये तिथे."

कुलूप लागलं. गाडी गेली.

मी गेटावर चढले आणि पलीकडे उतरले. समोर पुन्हा चढणीची वाट होती, दोन्हीकडे स्प्रूस. मागे वळले. गेटाची आतली बाजू माझ्याचकडे होती. दिवसभर ती बाजू नेच्यांत टेकलेली असते, आणि संध्याकाळी कुलूप लावणारा बाहेर उभा असतो. ती कुणी बघत नाही.

मधल्या फळीवर नारिंगी अक्षरं होती. मी बोट फिरवलं. रंग केव्हाच वाळला होता.

'उना, कुलूप लावू नकोस. मी तुझ्यासमोरच उभा आहे.'